पुठ्ठ्याची मांडणी

विष्णुपंतांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासला. निवृत्त होऊन खरवईच्या नव्या फ्लॅटमध्ये आले, आणि तपासायला उरली ती रस्त्यावरची रिकामी खोकी. चांगला पुठ्ठा दिसला की गृहस्थ थांबलाच! "अहो, लोक भंगारवाला समजतील," सुनेत्राबाई म्हणायच्या. समजेनात का. रिकाम्या हातांना काम हवं होतं आणि बायकोच्या साठवणीला जागा. तिचे पापड-कुरडयांचे डबे अजून पलंगाखालीच होते.

पंतांनी उल्हासनगरातून जाडजूड खोकी मिळवली. तीन-तीन थर खळीनं चिकटवले, वरून कोरा कागद लावला. आठ दिवस खपून चार कप्प्यांची मांडणी उभी केली आणि स्वतः वर बसून दाखवलं. मांडणीनं हूं की चूं केलं नाही.

सुनेत्राबाई खूश झाल्या. डबे पुसले, पहिला उचलला आणि थबकल्या. कागदाचा एक कोपरा सुटला होता आणि आतून छापलेली चप्पल दिसत होती.

"अहो, ही चपलांची खोकी?"

"नव्या चपलांची गं. कुणी पायात घातलेल्या नव्हेत."

"म्हणून त्यावर अन्न ठेवू?"

डबे परत पलंगाखाली गेले आणि मांडणी दाराबाहेर, चपला ठेवायला. झाकलं की झालं, असं पंतांना वाटलं होतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. एकतीस वर्षांत त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नव्हता, आणि आता आला तो घरातूनच. फार लागलं त्यांना ते.

चार दिवसांनी दाराशी शेजारच्या मायाचा आवाज आला. "काकू, हे स्टँड कुठून घेतलंत? एकदम भारी आहे."

"घेतेय कुठली! आमच्या ह्यांनी केलंय, पुठ्ठ्याचं. बसून बघ, मोडलं तर सांग."

आत पंतांनी पेपर तोंडासमोर धरला, पण एक अक्षरही वाचलं नाही.

संध्याकाळी सुनेत्राबाई वाण्याकडून आल्या त्या काखेत चपट्या केलेल्या खोक्यांचा गठ्ठा घेऊन. तो त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला. "बिस्किटांची आहेत. त्या दिवशीच सांगून ठेवली होती वाण्याला."

पंतांनी अंगठ्यानं पुठ्ठा दाबून पाहिला. "पातळ आहे. पाच थर लागतील."

"लागू देत. खालचा कप्पा तेवढा उंच करा, कुरडयांचा डबा मोठा आहे."