आज फोटो नगं

बेंबळीकडं उसाचे फोटो काढायला मी धाराशिवहून मोटारसायकलवर जातो. तिथले एक काका मला त्यांच्या बांधावर उभं राहू देतात, पण निवांत राहू देत नाहीत. "ते बगळं घ्या. ह्यो तुरा घ्या. कसा हलतोय, बघा की." प्रत्येक फोटो बघून ते कौतुकानं मान डोलावतात, जणू ऊस मीच पिकवलाय.

यंदा ऊसतोड चालू असताना पाचटात रानमांजराची दोन पिल्लं निघाली. मी कॅमेरा उचलला, तर काकांनी लेन्सवर तळहात ठेवला.

"आज नगं. आई बुजंल."

त्यांनी तोडणी थांबवली. तोडणी टोळीचा मुकादम कुरकुरला, कारण ट्रॅक्टर अर्धाच भरला होता. काका त्याला पुन्हापुन्हा चहा देत राहिले, नजर मात्र उसाकडं.

ऊन कलल्यावर मांजरी आली आणि एकेक पिल्लू मानेला धरून ओढ्याकडं घेऊन गेली. काकांनी टोळीला पुन्हा तोडणी सुरू करायला हात केला. मग टोपी नीट करून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"आता माझा काढा एक," ते म्हणाले. "आज लई बरं वाटतंय."