साडेआठचं ऊन

"वहिनी, हात लावू नका!"

सकाळी सहाला मांडवीतल्या आमच्या आळीत ही आरोळी उठली की कावळेसुद्धा दचकायचे. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे माकडटोपी, गळ्यात कॅमेरा, पुढ्यात तीन पायांचं स्टँड आणि चेहरा असा, की आम्ही त्याच्या घरावर दरोडाच घालतोय. अलीकडे माझी आई, हातात फुलं काढायची आकडी.

"मग गणपतीला काय तुमचा फोटो वाहू, भावजी?"

हा आमचा शेजारी सगळी नोकरी पोफळीला, डोंगराच्या पोटातल्या वीजघरात करून आलेला. उजेडाची एवढी हाव मी दुसऱ्या माणसात पाहिली नाही. भांडण होतं जास्वंदीवरून. मूळ आमच्याकडे, निम्म्या फांद्या त्याच्याकडे. फूल एका दिवसाचं. आईची पूजा सातच्या आत आणि टेकडी ओलांडून परसात ऊन उतरायचं साडेआठला. उन्हाने लाल पाकळी आतून पेटते, तेवढा एक फोटो त्याला हवा होता. आई त्याच्यासाठी एक फूल ठेवायला तयार नव्हती.

संध्याकाळी तो माझ्यावर घसरायचा. "पडवीतला दिवा मालवा! जेटीवरचे दिवे फिके पडतात!" मी लगेच आणखी मोठा बल्ब आणला. काय मजा यायची म्हणून सांगू! आमचा बोका मन्या मात्र फितूर. बांगड्याच्या एका डोक्यासाठी पलीकडे तासभर राजासारखा बसून फोटो काढून घ्यायचा आणि झोपायला आमच्याकडे.

मग त्याने आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुरावे टाकायला सुरुवात केली. आईचा हात, आकडी, फूल. खाली मजकूर: 'चोरी. सकाळी सहा दहा.' रोज! आईने माझा फोन डोळ्यांपाशी नेला, नीट न्याहाळला आणि म्हणाली, "पाटल्या बऱ्या आल्यायत हो मेल्याच्या फोटोत."

एकदा दुपारी मन्याच्या मागे कॅमेरा घेऊन तो गडगा ओलांडून आला तो थेट आईने वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर. दोन्ही पाय, चपलांसकट.

"डोळे फुटले काय तुमचे?" आई कडाडली.

मी खुर्ची ओढून घेतली. आता रंगणार! पण एकाला दहा ऐकवणारा हा माणूस नुसता खाली वाकला. चपलेला चिकटलेला पापड सोडवला आणि निघून गेला. तिकीट काढून बसावं आणि पडदाच उघडू नये, तसं मला झालं.

दोन दिवसांनी त्याने मला गडग्यापाशी बोलावलं. "काचबिंदू आहे. बाजूचं दिसत नाही आता. पुढचंही जाणार, म्हणतो डॉक्टर. वहिनींना सांगितलंत तर बघा. कीव करतील. मग मी भांडायचं कोणाशी?"

मी शब्द दिला आणि पाच मिनिटांत आईला सांगितलं. गुपित माझ्यापाशी ठेवलं, ही चूक त्याची.

दुसऱ्या दिवशी सहाला आईने झाड ओरबाडलं, पण सगळ्यात वरचं फूल तसंच.

"वहिनी, एक राहिलं! दिसत नाही?"

"आकडी पोचत नाही! तुम्ही चढून काढून देताय काय?"

आकडी फुलाच्या हातभर वर गेलेली मी स्वतः पाहिली.

साडेआठला ऊन आलं. पलीकडे कॅमेरा टिकटिकत राहिला. चार दिवसांनी गडग्यावर दगडाखाली एक फोटो सापडला: पेटल्यासारखं लाल फूल. मागे लिहिलेलं, 'आज चोरी नाही.' आईने नाक मुरडलं आणि फोटो तांदळाच्या डब्यामागे ठेवला. अजून तिथेच आहे.

भांडण काही थांबलं नाही. दिवाळीनंतर मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना माझ्याकडे अंदाजाने तोंड करून तो एवढंच बोलला, "तो बल्ब बदला."

बदलला नाही. बघायला कोण आहे?

आईची पूजा आता नऊला होते. वरच्या फुलावर ऊन येऊन जाईपर्यंत ती परसात उभी असते. मग आकडी उचलते आणि पलीकडच्या बंद खिडकीकडे बघून ओरडते, "भावजी, हात लावत्ये हो!"

आणि आकडी तशीच वर धरून थोडा वेळ थांबते.