आईच्या चॅनलवरच्या 'इतर' तक्रारी

माझ्या वडिलांनी माझ्या आईचं धपाटं व्हर्निअर कॅलिपरने मोजलं, त्याला कारण मी आहे.

आम्ही थेरगावात राहतो, डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर (रिक्षाने वीस). मी माण गावातल्या एका आयटी कंपनीत. बाबा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीला होते. रिटायर झाले आणि त्यांना तपासायला काही उरलं नाही. आई लातूरकडची. भोसरीची चाळ सोडून इथे फ्लॅटमध्ये आल्यावर तिला बोलायला माणूस मिळेना, म्हणून माझ्या बायकोने, स्नेहलने, तिला रेसिपीचं चॅनल काढून दिलं. कॅमेरामन अस्मादिक! हळूहळू व्हिडिओंखाली कमेंट यायला लागल्या. स्नेहल त्यातल्या चार-दोन आईला वाचून दाखवायची. लिहिणाऱ्यांना आई 'माझ्या बाया' म्हणायला लागली. इतकी खूश मी तिला फार वर्षांत पाहिली नव्हती.

एका रविवारी बाबा म्हणाले, "साठ व्हिडिओ झाले. ग्राहकांच्या तक्रारी किती?"

"बाबा, त्या कमेंट असतात. तक्रारी नाही."

"लेखी आहे ना? मग तक्रार. सगळ्या एका कागदावर काढून दे."

शहाणा माणूस इथेच चप्पल घालून बाहेर पडला असता. मी छाती फुगवून म्हणालो, "पाच मिनिटांचं काम! एपीआय आहे ना!"

"तो कोण?"

"खिडकी समजा. खिडकीत व्हिडिओचा नंबर द्यायचा. आतून शंभर कमेंटचा गठ्ठा मिळतो आणि पुढच्या गठ्ठ्यासाठी टोकन. दिवसाचा कोटा संपला की खिडकी बंद."

"रेशन," बाबा म्हणाले. एपीआयची याहून चांगली व्याख्या मी आजवर ऐकलेली नाही.

कमेंट निघाल्या. पण बाबांना व्हिडिओत बोललेला शब्द न् शब्दही कागदावर हवा होता. ("तक्रार एका बाजूला, प्रोसेस दुसऱ्या बाजूला!") त्याला चॅनलच्या मालकिणीची परवानगी लागते. आईच्या फोनवर सूचना आली. आईने चष्मा लावून ती मोठ्याने वाचली, "हे ॲप तपासलेलं नाही. धोका असू शकतो. बनवणाऱ्यावर विश्वास असेल तरच पुढे जा." खाली माझा ईमेल!

"अरे, तुझ्यापासून धोका हाय म्हणायलंय हे!"

"आई, दाब गं ते."

"तूच सांगितलास की, फोनवर कुणालाच परवानगी द्यायची नाही म्हणून." आणि तिने 'रद्द' दाबलं. चार वेळा दाबलं. पाचव्यांदा मी नाद सोडला आणि नुसत्या कमेंटची वर्गवारी करायला बसलो.

तिथे मला घाम फुटला. 'मीठ नक्की किती?' अकरा जणी. 'धपाटं जाड वाटतंय', नऊ. 'आमटीचा येसर मसाला कुठे मिळेल?' सात. आणि माझ्याबद्दल एकशे बेचाळीस! 'मागे कोण बडबडतंय?' 'ते भाऊ गप्प बसतील का?' 'कॅमेरा आमटीवर धरा, पंख्यावर नको.' 'काकू, कॅमेरावाल्याला आधी जेवायला घाला.' कौतुकाच्या कमेंट तर शेकड्यांनी होत्या, पण बाबांना फक्त तक्रारी हव्या होत्या. आता हा आकडा वडिलांपुढे ठेवायचा? मी माझी सगळी प्रकरणं गोळा केली, एका रकान्यात कोंबली आणि वर मथळा दिला, 'इतर'.

बाबांनी कागद वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात ड्यूटीवर रुजू झाले. हातात व्हर्निअर, ओट्यावर वजनकाटा आणि नापास मालासाठी एक लाल ट्रे.

"मीठ किती टाकलंस?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती ग्रॅम?"

"अंदाज म्हंजी अंदाज!"

मग त्यांनी धपाटं उचललं आणि व्हर्निअरमध्ये धरलं. "चार पूर्णांक दोन मिलिमीटर. मघाचं तीन पूर्णांक सहा होतं. रिजेक्ट!" धपाटं लाल ट्रेमध्ये. तीन दिवस मी ऑफिसच्या डब्यात रिजेक्टेड माल नेत होतो. (उत्कृष्ट होता.)

चौथ्या दिवशी आईने गॅस बंद केला, हात धुतले आणि खुर्चीवर येऊन बसली. "एवढ्या बाया नाराज हायत माझ्यावर? मला वाटायचं, आवडतंय त्यांना." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चॅनल बंद कसं करतेत रे?"

आई, नाराज तुझ्यावर नाहीत गं, माझ्यावर आहेत, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बघतो." आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, आणि तरीही मी खरं बोललो नाही!

बाबाही चरकले. ते कागद घेऊन पुन्हा बसले आणि त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं.

"हे 'इतर' एकशे बेचाळीस?"

"किरकोळ आहे."

"तीस वर्षांत एकच गोष्ट शिकलो. 'इतर' सगळ्यात मोठं असलं की कोणीतरी आपलं झाकतंय. बसा सगळे. व्हाय-व्हाय करू." (कारखान्यात मूळ कारण सापडेपर्यंत 'का?' विचारत राहतात, त्याला हे नाव आहे.) "किरकोळ का?"

"तांत्रिक आहे म्हणून."

"तांत्रिक का?"

"आवाजाचं आहे म्हणून."

"आवाज कुणाचा?"

मी पंख्याकडे बघितलं.

आई एकदम म्हणाली, "आण तो फोन. ते परवानगीचं कुठंय?" आणि धोक्याची सूचना न वाचता तिने 'पुढे जा' दाबलं. एरवी नेमकं तेव्हाच नेट बंद पडतं. त्या दिवशी नाही पडलं.

व्हिडिओतला शब्द न् शब्द स्क्रीनवर आला आणि स्नेहल तो बातम्या दिल्यासारखा वाचू लागली. "मिनिट दोन. 'आई, आटप ना, हात दुखतोय.' मिनिट चार. 'बापरे, एवढं तेल!' मिनिट सहा. 'स्नेहल, मला पिझ्झा मागव, मी हे खात नाही.'"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"मिनिट नऊ. 'हो सर, लॅपटॉपसमोरच बसलोय. कोड लिहितोय.'" (तेव्हा मागे कुकरने शिट्टी दिली होती, ते मला चांगलं आठवत होतं.) "आणि याच व्हिडिओखाली एक कमेंट आहे. 'आमटी उत्तम. कोड केबिनमध्ये येऊन दाखवा.'"

साहेबांची कमेंट मी न वाचताच 'इतर'मध्ये ढकलली होती!

आईने तोंडाला पदर लावला आणि ती हसायला लागली. "म्हंजी माझ्या बाया माझ्यावर नाराज नाहीत?"

"नाही आई. सगळ्या माझ्यावर आहेत. चुकलं माझं."

"सगळ्या?" तिने डोळे पुसत विचारलं. तिला तो आकडा माझ्या तोंडून ऐकायचा होता. मी सांगितला. तिने पुन्हा सांगायला लावला.

बाबांनी लाल ट्रे गुपचूप माळ्यावर टाकला आणि कागदाच्या तळाशी लिहिलं : 'मूळ कारण : मुलगा. उपाय : बदलणे.' (केबिनमध्ये काय झालं, ते मी सांगणार नाही.)

पुढच्या रविवारी आईने ओट्यावर लोणच्याची चिनी मातीची बरणी ठेवली, तिला फोन टेकवला आणि अंदाजाने मीठ घालून अख्खा व्हिडिओ केला. तासाभरात पहिली कमेंट आली : 'काकू, नवीन कॅमेरामन फार अनुभवी दिसतात. त्यांना सोडू नका!'

आईने ती मला दोनदा वाचून दाखवली. मी मुकाट्याने बरणी पुसून जागेवर ठेवली. बरणी आईच्या लग्नातली आहे, आणि सीनियरपुढे आपण कधी बोलत नाही.