झेंडूवर गिरवलेली हळद

२००६ साली माझ्या मैत्रिणीने, शुभांगी जेजुरकरने, डिजिटल कॅमेरा घेतला. घरची मखमलाबादला फुलशेती, म्हणून पहिले फोटो तिने झेंडूचेच काढले. सगळे फसले. पाकळ्या दिसेनात, नुसता केशरी गोळा.

"तुझ्या कॅमेऱ्याला झेंडू सोसत नाही," मी म्हटलं.

"सोसायला शिकवते."

वर्षभर ती वडिलांबरोबर पंचवटीच्या फुलबाजारात जात राहिली. ते ढीग लावायचे, ती फोटो काढायची. कधी उन्हात, कधी सावलीत, कॅमेऱ्यात प्रकाश थोडा थोडा कमी घेत. पाकळी न् पाकळी सुटी दिसू लागली, तेव्हाच तिने झेंडू सोडला.

मग ती काम मागायला गेली, तेव्हा स्टुडिओवाले पगारेकाका म्हणाले, "आजचे हळदीचे फोटो जमले तर उद्याच्या लग्नाचं काम तुझं. नाहीतर माझा माणूस आहे."

हळदीला मी सोबत गेले. पिवळी साडी, पिवळा चेहरा, मागे झेंडूच्या माळा. शुभांगीने नवरीचा पाट उन्हातून ओट्याच्या सावलीत घ्यायला लावला आणि फ्लॅश बंद केला.

"लाईट न मारता कसले गं फोटो?" नवरीची आत्या म्हणाली. "पोरगी काळी दिसंल आमची."

"लाईट मारला तर हळद दिसायची नाही, आत्या."

"मग लाईट नको बाई. जात्यावर मीच दळलीय ती."

संध्याकाळी काकांनी संगणकावर फोटो मोठा केला. नवरीच्या गालावर आत्याच्या बोटांच्या रेघा होत्या. त्यांत हळदीचा कण न् कण दिसत होता. मी बघतच राहिले.

काकांनी संगणक बंद केला. मग म्हणाले, "मुहूर्त दुपारचा आहे. सकाळीच पोहोच."