जब्बारभाऊंची हरवलेली सुई

आमच्या देवपुरातल्या जब्बारभाऊंना काही विचारलं की ते आधी वर बघतात. भुसावळच्या व्याह्यांनी "तुम्ही काय काम करता?" म्हणून विचारलं, तेव्हाही त्यांनी पत्र्याकडेच बघितलं. सांगणार तरी काय? बाप पिंजारी. पोरवयात बापामागे गल्लोगल्ली फिरले, कापूस पिंजला, गाद्या भरल्या. पुढे घरोघर फोमच्या गाद्या आल्या आणि हे जे बाहेर पडले ते पडलेच. भुसावळ स्टेशनवर चहा विकला, रावेरकडे केळीचे ट्रक भरले, धुळ्यात यंत्रमाग चालवला, एका कॉलेजच्या फाटकावर राखण केली. एका जागी टिकतील तर शपथ! शेवटी "रिक्षा चालवतो" एवढंच पुटपुटले आणि दिवसभर तोंड पाडून बसले.

पण लेकीची गादी बापाच्या हातचीच, हा त्यांच्या घरचा रिवाज. माहेनूरचं लग्नाचं सामान दुसऱ्या दिवशी भुसावळला जायचं होतं. भाऊंनी मशीनवर पिंजलेला कापूस आणून गादी भरली. मी शेजारून कौतुकानं बघायला गेले, तर हा माणूस घरभर गरगर फिरतोय.

"काय धुंडी ऱ्हायनात, भाऊ?"

"सुई, अक्का. गादीमा राही गयी का काय, मले काहीच समजत नही."

वीतभर लांब सुई ती! नवी नवरी त्या गादीवर पाठ टेकणार. भाऊ एक बाजू शिवायची ठेवून चहाला उठले होते, परतले तर सुई नाही. हातातली वस्तू कुठे ठेवायची, हे प्रत्येक कामानं त्यांना वेगळं शिकवलेलं. त्यांनी कंबर चाचपली, केळीवर असताना विळा तिथे खोचत. कॉलर उलटी केली, मागावर असताना सूत ओढायचा आकडा तिथे अडकवत. दाराच्या चौकटीवर हात फिरवला, फाटकाच्या किल्ल्या तिथे टांगत. मग रिक्षातला हत्यारांचा डबा उपसला. प्रत्येक ठिकाणी, "इथंच ठेवली असेल," म्हणायचे आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःवरच वैतागायचे.

"अब्बा, फोम की ले लेंगे," माहेनूर हळूच म्हणाली.

भाऊ तिच्यावर ओरडले. आजवर मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. पोरगी रडायला लागली, मग हे कावरेबावरे झाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून वर पत्र्याकडे बघत बसले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

अखेर त्यांनी टाके उसवले. कापूस मूठ मूठ काढून, चिमटीनं विंचरून बघितला. सगळी खोली पांढरी झाली, आमच्या नाकातोंडात कापूस गेला, पण सुई काही निघाली नाही.

तेवढ्यात त्यांची बायको अमिनाबी भिंतीकडे बघून म्हणाली, "वो क्या है?"

भिंतीवर तिच्या सासऱ्यांची, म्हणजे भाऊंच्या वडिलांची धनुकली टांगलेली. कापूस पिंजायची ती जुनी कमान, सासरे गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या मुठीला गुंडाळलेल्या चिंधीत सुई खोचलेली होती, लाल दोऱ्यासकट.

"अब्बाजी भी काम से उठते, तो वहींच खोसते थे," अमिनाबी म्हणाली.

"मैंने नहीं रखी," भाऊ म्हणाले.

त्यांनी सुई काढली आणि आपल्याच हाताकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. मग माझ्याकडे वळून, मला खरंच उत्तर ठाऊक असावं तसं त्यांनी विचारलं, "अक्का, मंग मी इतला वरीस काय करत व्हतू?"

मी खाली बसले आणि कापूस गोळा करू लागले. भाऊंनी गादी पुन्हा भरायला घेतली.