ऑगस्ट नको म्हणे

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलाही माझ्या नवऱ्याला तीनदा सांगावं लागतं. तो माणूस माझ्या ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज स्वतःहून भरायला बसला, तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

मी मूळची नागपूरची. समुद्र पाहिला तो लग्नानंतर, आणि पोहायला शिकले ती इथे आयर्लंडात, डंडॉक गावच्या पूलमध्ये, चाळिशीत. इथे आले नवऱ्याच्या व्हिसावर, त्यामुळे पहिली काही वर्षं 'अमक्याची बायको' एवढीच ओळख. मग फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले, आणि कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवणाऱ्या बायकांच्या क्लबात जायला लागले. यंदा आम्ही क्लबातल्या काही जणी स्कॉटलंडला जाणार होतो. तिथली काही बेटं ओहोटीला वाळूवरून चालत गाठता येतात, आणि भरती आली की किनाऱ्यापासून तुटतात. त्यांच्याभोवती कयाकने फिरायचं आणि किनाऱ्यावर तंबूत राहायचं. आमच्या क्लबची प्रमुख, एक निवृत्त शिक्षिका, म्हणाली की चंद्र अर्धा असतो त्या दिवसांत भरती-ओहोटी लहान असते, पाण्याला ओढ कमी, तेव्हाच जाऊ. असे दिवस जूनमध्येही होते आणि ऑगस्टमध्येही. ऑगस्टात पाणी जरा कमी गार, म्हणून तिचा कल तिकडे.

"जूनमध्ये जा," नवरा म्हणाला. "ऑगस्ट नको."

"का?"

"असंच. हवा बिघडते."

आयर्लंडात राहून हा मला हवेचं कारण सांगतोय. मी सोडते होय? सासूबाई येणार आहेत का, विचारलं. नाही म्हणे. ऑफिसात कोणी आहे का, हेही विचारून टाकलं, तर तो हसला, आणि ते हसणंही मला खोटं वाटलं. पाण्यात घालायचा सूट विकत घ्यायला निघाले, तर म्हणतो, "भाड्याने घे ना, एकदाच तर वापरायचाय." एकदाच? मी क्लब सोडणार असं याला कोणी सांगितलं? दिवाळीच्या ऑर्डरींसाठी मोठी कढई मागवते म्हटलं, तर ऐकूच न आल्यासारखं केलं. आणि एरवी वागणं इतकं गोड की मला सहन होईना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

रविवारी तो मागच्या अंगणात माझा तंबू लावून बघत होता. मी खुंट्यांची पिशवी उचलून घेतली.

"ऑगस्टमध्ये काय आहे ते सांग, मग देते."

तो गवतावरच बसला. "पुण्याला बदली घेतलीय. जुलैअखेर निघायचंय. म्हटलं, तुझी ट्रिप तरी नीट होऊ दे. मग सांगणार होतो."

"मिळाली, की मागून घेतलीस?"

"घेतली. आई-बाबा थकलेत गं."

ते थकलेत हे खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पण याने मला विचारलंच नाही. रडू नये म्हणून लेकराच्या हातात खेळणं द्यावं, तशी ती ट्रिप माझ्या हातात दिली होती.

तारीख ठरवायला सगळ्या जणी ग्रुपवर थांबल्या होत्या. मी फोन काढला आणि त्याच्यासमोरच लिहिलं, ऑगस्ट चालेल.

"अगं, आपली दोघांची तिकिटं काढून झालीयेत," तो म्हणाला.

"एक रद्द कर," मी म्हटलं.