संग्राहकाचा रकाना

काका प्रयोगशाळेचं कुलूप स्वतःच उघडायचे आणि मग दारावर टकटक करून, जरा थांबून आत जायचे. रोज. आत असून असून कोण असणार? कागदावर चिकटवलेली वाळकी झाडं, लोखंडी कपाटांत रचून ठेवलेली.

"काका, आत कोणी नाही. ठोकता कायले?" मी पहिल्याच महिन्यात विचारलं.

"माणूस नाही म्हून कोणीच नाही काय, माय?"

मी हसले खरी, पण त्यांच्या मागून आत जाताना मान खाली घातली.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते आणि मी पीएच.डी. करणारी एक आगाऊ मुलगी. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. झाडं शोधायला आम्ही दोघं रानोमाळ फिरायचो.

एकदा बोरी अरबच्या अलीकडे एका नाल्याच्या काठानं चाललो होतो. काका एकदम उभे राहिले. "थांब. इथं कोणी तरी हाय." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वाऱ्याचं नाव नव्हतं, आणि तरी काठावरचं बोटभर गवत हलत होतं. काकांनी गुडघे टेकले. "पोरीले शिकाचं हाय, रागावू नको," असं त्या गवताला सांगितलं आणि ते मुळासकट काढून माझ्या हातात दिलं. दोन वर्षं मी शोधत होते ते हेच गवत. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर उभा आहे.

आणलेलं झाड वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून लाकडी प्रेसमध्ये दाबतात. कागद ओल शोषतो, म्हणून तो रोज बदलावा लागतो, नाहीतर झाडाला बुरशी धरते. हे काम काकांचं. रद्दीतलं श्रद्धांजलीच्या फोटोंचं पान मात्र ते बाजूला काढायचे. "मेल्या माणसाचं तोंड या झाडायच्या उरावर कायले ठेवता?"

वाळलेलं झाड शीटवर चिकटवलं की कोपऱ्यात एक चिठ्ठी लावतात. तिच्यात 'संग्राहक' असा रकाना असतो, म्हणजे झाड कोणी गोळा केलं. तिथे सगळीकडे मी माझंच नाव लिहिलं. "परिचराचं नाव लिहितात का कुठे?" असं माझे गाइड सर म्हणाले आणि मला ते फार सोयीचं वाटलं.

प्रबंध इंग्रजीत, पण सुरुवातीच्या एका पानावर मराठीत मी कोणाकोणाचे आभार मानले! सरांचे, प्राचार्यांचे, नवऱ्याचे, टायपिंगवाल्याचे. 'गवत घेऊन हिंडते बया' म्हणणाऱ्या सासूबाईंचेसुद्धा. काकांनी हात धुऊन प्रबंध घेतला. त्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ लावली. मग म्हणाले, "यात मी कुठं हाय, माय?"

"पुढच्या वेळी लिहिते, काका."

"असू दे, असू दे."

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. तेव्हा मला लाजही वाटली नाही. आज हे लिहिताना वाटते.

काका निवृत्त झाले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बाभुळगावला, आपल्या घरी वारले. तोवर मी त्याच विभागात प्राध्यापक झाले होते. त्यांची जागा अजून भरलेली नाही, कधी भरणार ते सरकारलाच ठाऊक. चावी माझ्याकडे.

त्या पावसाळ्यात मी प्रेसमध्ये झाडं दाबली आणि कागद बदलायला साफ विसरले. दुसऱ्या सकाळी धावत गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कागद कोरडे, आणि आधीचे ओले कागद खिडकीशी वाळत घातलेले. मी प्रेसमधलं एकेक पान उलटून पाहिलं. श्रद्धांजलीचं एकही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, केलं असेल कोणीतरी. मलाही तसंच वाटलं. मी शिपायाला झापलं. तो बिचारा पांढराफटक पडला. "मॅडम, मले तिथं दिवसाबी भेव लागते. मी कायले जाऊ?"

मग रोज तेच. खरं सांगू? आठवडाभर मी दार सताड उघडं ठेवून आत जायचे, नंतर सवय झाली. काका कशासाठी अडकलेत ते मला पक्कं ठाऊक होतं. सुटका कशात आहे तेही ठाऊक होतं. रकान्यात त्यांचं नाव लिहायचं, बस. पण दोन पावसाळे मी पेन उचललं नाही. लिहिलं तर ते जातील ना! जिवंतपणी राबवलं ते राबवलं, मेल्यावरही मी त्या माणसाकडून काम करून घेत होते.

एका सकाळी कागद बदललेले होते, पण प्रेसचा पट्टा अर्धवटच आवळलेला होता. काकांच्या हातून असं कधी होत नसे. म्हातारा थकला होता.

त्या दुपारी मी सगळी कपाटं उघडली. एकेका चिठ्ठीतल्या माझ्या नावावर रेघ मारली आणि वर त्यांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. इथे ते लिहीत नाही. जिथे हवं होतं तिथे आता आहे. सगळ्यांत शेवटी नाल्याकाठच्या गवताची शीट घेतली. तिच्यावर लिहिताना मला रडू आवरेना. "चुकलं माझं, काका," मी मोठ्यानं म्हणाले. खोलीत कुठे काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन प्रेस उघडली. कागद आदल्या दिवशीचेच होते. ओलसर, जड. कुबट वास यायला लागला होता.

मी पदर खोचला आणि रद्दीचा गठ्ठा जवळ ओढला.